वेग आणि थांबे

सरासरी वेग म्हणजे एकूण अंतर भागिले एकूण वेळ, ही व्याख्या सातवी-आठवीचा कोणताही विद्यार्थी घडाघडा म्हणून दाखवितो. ‘एकूण वेळ’ या दोन शब्दांत थांबण्यात गेलेला वेळही धरावयाचा असतो, ही गोष्ट मात्र उदाहरण सोडविताना निम्म्या वर्गाच्या ध्यानातून निसटते. मी अनेक वर्षे विज्ञान शिकविले आणि उत्तरपत्रिकांत ही चूक पिढ्यान्‌पिढ्या पाहिली. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ शाळेने ही व्याख्यानमाला चालविली आहे, त्यांना गणिताइतकेच मैदानाचेही वेड होते. तेव्हा या निसटत्या थांब्यांची गोष्ट शर्यतीच्या मैदानावरून सांगावी असे मी ठरविले. ही गोष्ट दोन माणसांची आहे. दोघेही पॅरिसमध्ये जन्मले, दोघांनाही तरुणपणी एकाच बनावटीच्या मोटारीने भुरळ घातली. एकाचे नाव आपल्याकडे फारसे कोणास ठाऊक नाही. दुसऱ्याचे मूळ गाव आपल्या सुरतेपासून तासाभराच्या अंतरावर आहे.

मोटारींच्या शर्यती ही मुळात फ्रान्सची देणगी. १८९४ साली पॅरिस ते रुआं या मार्गावर मोटारींची पहिली मोठी स्पर्धा झाली, आणि ‘ग्रां प्री’ या नावाची पहिली शर्यत १९०६ साली ल माँ या गावाजवळ भरली. ‘मोठे बक्षीस’ एवढाच त्या शब्दांचा अर्थ. विसाव्या शतकाच्या पहिल्या पावशतकात फ्रेंच मुलांच्या मनात वेगाविषयी जे आकर्षण होते, ते आपल्याकडच्या मुलांच्या मनातील क्रिकेटच्या आकर्षणासारखे समजावे. त्या वातावरणात २९ जुलै १९०४ रोजी पॅरिसमध्ये जहांगीर रतनजी दादाभाई टाटा, म्हणजे जे. आर. डी. टाटा, यांचा जन्म झाला. वडील रतनजी दादाभाई हे नवसारीचे. जमशेटजी टाटांच्या आप्तांपैकी आणि त्यांच्या व्यवसायातील भागीदार. आई सुझान ब्रिएर ही फ्रेंच. मुलाची पहिली भाषा फ्रेंच, नागरिकत्वही फ्रेंच. इंग्लिश खाडीच्या किनाऱ्यावर आर्देलो येथे कुटुंबाचे सुट्टीतील घर होते आणि तेथे शेजार होता लुई ब्लेरिओ यांचा. याच ब्लेरिओंनी २५ जुलै १९०९ रोजी विमानातून इंग्लिश खाडी प्रथम ओलांडली होती. त्या वाळूवर विमाने उतरताना पाहात हा मुलगा वाढला आणि पंधराव्या वर्षी एका विमानात बसून घिरटी मारूनही आला. नवसारीच्या अग्यारीच्या छायेत वाढलेल्या घराण्याचा अंकुर उत्तर फ्रान्सच्या वाळूत असा रुजला.

दुसरा मुलगा जाँ-पिएर विमिल. जन्म २६ फेब्रुवारी १९०८, पॅरिस. वयाच्या बाविसाव्या वर्षी, १९३० च्या फ्रेंच ग्रां प्रीत, पो या गावच्या रस्त्यांवर त्याने पहिली मोठी शर्यत धावली. मोटार अर्थातच बुगाटी. आल्सास प्रांतात मोल्सहाइम येथे एत्तोरे बुगाटी या इटालियन वंशाच्या कारागिराने १९०९ च्या सुमारास कारखाना काढला, आणि १९२४ साली त्याने बाजारात आणलेल्या ‘३५’ क्रमांकाच्या मोटारीने पुढील काही वर्षे युरोपातील शर्यती गाजविल्या. एखाद्या घड्याळजीने मोटार बनवावी तशी ती मोटार होती: लहान, हलकी, रेखीव. पैसेवाल्या हौशी तरुणाने ती विकत घ्यावी आणि रविवारी शर्यतीत उतरावे, अशी तेव्हा सोय होती. धंदेवाईक शर्यतपटू आणि हौशी श्रीमंत यांच्यातील भिंत आजच्यासारखी उंच नव्हती.

विमिलची कारकीर्द एका ओळीत मावणारी नाही, पण आपल्या विषयाला उपयोगी पडणारी त्याची शर्यत १९३७ सालची. ल माँची शर्यत इतर शर्यतींहून वेगळी आहे. तेथे ठरावीक अंतर कोण आधी कापतो हे पाहात नाहीत. चोवीस तासांत कोण अधिक अंतर कापतो हे पाहतात. त्या काळी एका मोटारीस दोन चालक असत, एक दमला की दुसरा बसे. दिवस मावळतो, रात्र होते, धुके येते, मोटार पळतच असते. मात्र पेट्रोल संपते, टायर झिजतात, चालक बदलावा लागतो, आणि त्यासाठी मोटारीला रस्त्याकडेच्या ठरलेल्या जागी, ज्याला शर्यतीच्या भाषेत पिट म्हणतात, थांबावेच लागते. घड्याळ मात्र थांबत नाही. विमिलचा जोडीदार होता रोबेर बेन्वा, वयाने तेरा वर्षांनी वडील आणि पहिल्या महायुद्धातला वैमानिक. दोघांनी मिळून चोवीस तासांत ३,२८७ किलोमीटर अंतर कापले आणि शर्यत जिंकली. भागाकार करून पाहा: ताशी १३७ किलोमीटर. त्यांची मोटार सरळ रस्त्यावर याहून कितीतरी जोरात धावत होती. वळणांनी तिचा वेग घटविला हे खरे, आणि उरलेला वेळ पिटमधील थांब्यांनी गिळला. म्हणून त्या शर्यतीत जिंकणे म्हणजे सर्वांत जोरात पळणे नव्हे. न बिघडता पळणे, आणि थांबलो की चटकन निघणे, ही तिची दोन सूत्रे. दोन वर्षांनी, १९३९ साली, विमिलने पिएर वेरों या जोडीदारासह हीच शर्यत पुन्हा जिंकली, आणि सरासरी आणखी थोडी वाढविली.

या आकड्याजवळ, ताशी १३७ किलोमीटरजवळ, आपल्याला पुढे परत यावयाचे आहे.

१९२५ च्या अखेरीस जे. आर. डी. मुंबईस टाटांच्या कचेरीत बिनपगारी उमेदवार म्हणून रुजू झाले. केंब्रिजला जाऊन अभियांत्रिकी शिकावी ही त्यांची इच्छा अपुरीच राहिली होती, आणि १९२६ साली वडीलही गेले. अशा स्थितीत एकवीस-बावीस वर्षांच्या त्या तरुणाने मुंबईच्या रस्त्यांवर आणली ती बुगाटी. तिला ना मडगार्ड होते ना टप. ज्या मुंबईत घोड्यांच्या व्हिक्टोरिया गाड्या, ट्राम आणि हातगाड्या एकाच रस्त्याने चालत, त्या मुंबईत शर्यतीच्या मैदानासाठी घडविलेली ही मोटार धावे. अतिवेगाबद्दल त्यांच्यावर खटला झाला. सल्ल्यासाठी ते जॅक व्हिकाजी या नामांकित वकिलांकडे गेले, तेथे वकिलांच्या पुतणीशी, थेल्मा व्हिकाजी यांच्याशी, त्यांची ओळख झाली आणि डिसेंबर १९३० मध्ये विवाह झाला. चरित्रकारांना हा प्रसंग मोठा गोड वाटतो. मला तो तितकासा गोड वाटत नाही. त्या रस्त्यावर चालणाऱ्या पादचाऱ्याने बुगाटीशी शर्यत लावलेली नव्हती. दैव बलवत्तर म्हणून गोष्टीचा शेवट लग्नमंडपात झाला, एवढेच.

येथे थोडे विज्ञान सांगणे भाग आहे. धावत्या वस्तूची गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ४० ने जाणारी मोटारसायकल ब्रेक दाबल्यावर जेवढ्या अंतरात थांबते, त्याच्या चौपट अंतर तिला ताशी ८० ने जाताना लागते; दुप्पट नव्हे, चौपट. शिवाय डोळ्याने पाहून हाताने ब्रेक दाबेपर्यंत गेलेल्या क्षणात गाडी जे अंतर कापते ते वेगळेच. डुमसच्या रस्त्यावर सुट्टीच्या संध्याकाळी दुचाक्यांवर वेगाचा मोह न आवरणारी आपली मुले मी पाहतो, तेव्हा हा वर्ग त्यांच्या हिशेबात आहे का, अशी शंका मनात येते. घाटात किंवा वर्दळीत मिळविलेला वेग पुढच्या फाटकापाशी थांबून फुकट जातो. जीव मात्र परत येत नाही.

जे. आर. डीं.चा वेग रस्त्यावरून उठून आकाशात गेला, हे मुंबईचे भाग्य. १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना भारतात दिलेला पहिल्या क्रमांकाचा वैमानिक परवाना मिळाला. त्याच वर्षी त्यांनी फ्रेंच नागरिकत्व सोडले. आणि त्याच वसंतात, एप्रिल १९२९ मध्ये, मोनॅकोच्या अरुंद गल्ल्यांतून भरलेली पहिली ग्रां प्री विल्यम ग्रोव्हर-विल्यम्स या चालकाने बुगाटीतून जिंकली, ही नोंद येथे करून ठेवतो. त्याचे नाव पुढे पुन्हा येणार आहे.

मग आली जे. आर. डीं.च्या आयुष्यातील खरी शर्यत. इंग्लंड ते भारत, किंवा भारत ते इंग्लंड, हा प्रवास एकट्याने विमान चालवून एका महिन्याच्या आत प्रथम पूर्ण करणाऱ्या भारतीयास आगाखानांनी ५०० पौंडांचे बक्षीस जाहीर केले होते. मनमोहन सिंग, अस्पी इंजिनिअर आणि जे. आर. डी. टाटा असे तिघे तरुण १९३० साली मैदानात उतरले. अस्पी तेव्हा अवघे सतरा वर्षांचे होते. ते एप्रिलअखेर क्रॉयडनहून भारताकडे निघाले, जे. आर. डी. मेच्या आरंभी कराचीहून उलट दिशेने इंग्लंडकडे. दोघांचीही विमाने जिप्सी मॉथ जातीची, दुपंखी, उघड्या बैठकीची. बिनतारी यंत्र नाही, वेधशाळेचा धड अंदाज नाही. नकाशा, होकायंत्र आणि खालचा समुद्रकिनारा हेच वाटाडे.

इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळ अबुकीरच्या विमानतळावर जे. आर. डी. उतरले, तर तेथे अस्पी अडकून पडलेले. त्यांच्या यंत्राचे स्पार्क प्लग निकामी झाले होते आणि जवळ जादा नव्हते. जिप्सीच्या चार सिलिंडरांना प्रत्येकी दोन असे आठ प्लग लागतात. जे. आर. डीं.नी आपल्या जवळच्या जादा प्लगांतून अस्पींना हवे ते दिले. अस्पींनी परतफेड म्हणून आपला तरंगण्याचा जीवरक्षक अंगरखा त्यांना दिला. कारण अस्पींचा समुद्र ओलांडून झाला होता, जे. आर. डीं.चा अजून ओलांडावयाचा होता. ही देवाणघेवाण मला फार आवडते, कारण तिच्यात दोघांनीही समोरच्याला नेमके काय लागणार आहे याचा विचार केलेला दिसतो. अस्पी ११ मे १९३० रोजी कराचीस पोहोचले. त्यानंतर थोड्याच अवधीत जे. आर. डी. क्रॉयडनला उतरले. बक्षीस अस्पींना मिळाले. मनमोहन सिंगांचा प्रवास मुदतीत बसला नाही.

‘प्लग दिले म्हणून शर्यत हरली’ असे या प्रसंगाचे वर्णन शालेय पुस्तकांत सर्रास होते. अस्पी अबुकीरला आणखी एक-दोन दिवस खोळंबले असते, तर निकाल कदाचित उलटा लागला असता. इतपत ते खरे आहे. परंतु त्या वर्णनात एक बाब झाकली जाते. प्रवासाला लागलेले दिवस मोजले तर जे. आर. डी. अधिक जलद गेले होते. ते उशिरा निघाले आणि जवळजवळ बरोबरीने पोहोचले. बक्षीस ‘कोणी कमी दिवसांत’ याला नव्हते, ‘कोण प्रथम’ याला होते. नियम आधीच ठाऊक होता, त्यामुळे तक्रारीस जागा नव्हती, आणि जे. आर. डीं.नी ती कधी केलीही नाही. अस्पी इंजिनिअर पुढे हवाई दलात गेले आणि १९६० साली भारताचे हवाई दलप्रमुख झाले. ते बक्षीस अस्पींना मिळाले याचा आपल्याला आनंदच वाटतो, असे जे. आर. डी. पुढे सांगत.

आता पुन्हा भागाकार करू. कराची ते क्रॉयडन हे अंतर त्या मार्गाने ढोबळमानाने आठ हजार किलोमीटर, वेळ नऊ-दहा दिवस. सरासरी निघते ताशी पस्तीस किलोमीटरच्या आसपास. जिप्सी मॉथ हवेत ताशी सव्वाशेहून अधिक वेगाने जात असे. पण सारा प्रवास धरला तर आपली फ्लाइंग राणीदेखील त्याहून जलद जाते! रात्री उड्डाण शक्य नसे, म्हणून निम्मा काळ मुक्कामात गेला. उरलेल्यात इंधन, परवाने, सीमेवरची तपासणी, दुरुस्ती. या प्रवासाने त्या तरुणाला जर काही शिकविले असेल, तर ते हे की विमानाचा वेग हवेत ठरत नाही, तो जमिनीवर ठरतो.

दोन वर्षांनी त्या धड्याची परीक्षा झाली. नेव्हिल व्हिन्सेंट या ब्रिटिश हवाई दलातून निवृत्त झालेल्या वैमानिकाने टपाल वाहतुकीची कल्पना मांडली होती. लंडनचे टपाल इम्पीरियल एअरवेजच्या विमानाने आठवड्यातून एकदा कराचीस येई. तेथून पुढे ते मुंबई आणि मद्रासला हवाई मार्गाने न्यावयाचे, अशी योजना. आरंभ सप्टेंबर १९३२ मध्ये व्हावयाचा होता. परंतु जुहूचे मैदान पावसाच्या पाण्याखाली होते म्हणून तो महिनाभर लांबला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी सकाळी ६ वाजून ३५ मिनिटांनी जे. आर. डीं.नी कराचीच्या द्रिघ रोड विमानतळावरून एकट्याने पुस मॉथ विमान उडविले. बरोबर सुमारे २५ किलो टपाल. अहमदाबादेस थांबा. तेथे इंधनाचे डबे बैलगाडीतून आणून तयार ठेवले होते. चार-चार गॅलनचे ते डबे विमानात रिते झाले, आणि विमान पुन्हा निघाले. दुपारी १ वाजून ५० मिनिटांनी ते जुहूला उतरले. तेथून पुढचे टपाल व्हिन्सेंट बेल्लारीमार्गे मद्रासला घेऊन गेले.

भूगोलाच्या नकाशावर अहमदाबाद आणि जुहू या दोन बिंदूंवर पट्टी ठेवून रेघ ओढा. ती आपल्या डुमसच्या किनाऱ्याच्या आसपास खाली उतरते आणि नवसारी तिच्या डाव्या हातास राहते. त्या दुपारी विमान नेमक्या त्या रेघेवरून गेले असे नव्हे. पण नवसारीकर टाटांच्या मुलाची वाट या प्रदेशाजवळूनच जात होती.

आणि गणित? अंतर हजार किलोमीटरहून थोडे अधिक, वेळ सव्वासात तास. सरासरी ताशी सुमारे १४० किलोमीटर. विमिल आणि बेन्वा यांचा ल माँ येथील आकडा १३७ होता. एक मोटार फेऱ्या मारीत होती, एक विमान सरळ जात होते. पाच वर्षांचे अंतर, दोन वेगळे खंड, आणि आकडे मात्र सख्ख्या भावंडांसारखे. हा योगायोग आहे, त्यातून कोणताही सिद्धान्त काढू नये. पण दोन्ही आकडे थांबे धरून निघालेले आहेत, आणि दोन्हींमागे थांब्याची पूर्वतयारी आहे, हे ध्यानात घ्यावे. ल माँच्या पिटमध्ये टायर घेऊन उभा असलेला कारागीर आणि अहमदाबादेस डबे घेऊन वाट पाहणारा गाडीवान, हे दोघेही त्या सरासरीचे भागीदार होते. गाडीवानाचे नाव कोणत्याच इतिहासात नाही.

पहिल्या वर्षात टाटांच्या या सेवेने १ लाख ६० हजार मैल उड्डाण केले, १५५ प्रवासी आणि दहा टनांहून अधिक टपाल नेले. पावसाळ्यात जुहूचा चिखल झाला की सारा कारभार पुण्याला येरवड्याच्या मैदानावर हलत असे. सह्याद्रीच्या माथ्यावर ढग दाटलेले असताना घाट ओलांडावा लागे. तरीही वेळेवर पोहोचण्याचे प्रमाण शंभर टक्के राहिले, असे नागरी विमान खात्याच्या अहवालाने नमूद केले. रस्त्यावरचा खटला आणि हा अहवाल यांत पाच-सहा वर्षांचेही अंतर नसेल. वेगाची हौस तीच. तिला आता वेळापत्रक होते, आणि वेळापत्रकात थांब्यांसाठी रकाना होता.

विमिलची वाट मात्र युद्धाने तोडली. जर्मनांनी फ्रान्स व्यापल्यावर बुगाटीचे तीन चालक, ग्रोव्हर-विल्यम्स, बेन्वा आणि विमिल, गुप्त प्रतिकाराच्या कामात उतरले. १९४३ साली ग्रोव्हर-विल्यम्स पकडला गेला आणि पुढे छळछावणीत मारला गेला. बेन्वाला सप्टेंबर १९४४ मध्ये बुखेनवाल्ड येथे ठार करण्यात आले. विमिल थोडक्यात निसटला. युद्ध संपताच ९ सप्टेंबर १९४५ रोजी पॅरिसच्या ब्वा द बुलोन्य या वनात शर्यती झाल्या. त्यांतली मुख्य शर्यत विमिलने बुगाटीतूनच जिंकली. ज्या जोडीदाराबरोबर ल माँ जिंकले तो आता नव्हता. त्यानंतरची तीन वर्षे विमिलच्या उत्कर्षाची. आल्फा रोमेओच्या संघातून त्याने १९४७ साली स्वित्झर्लंड व बेल्जियमची आणि १९४८ साली फ्रान्स व इटलीची ग्रां प्री जिंकली. युरोपात त्याच्या तोडीचा चालक त्या वेळी नव्हता, असे अनेक जाणकार मानतात आणि मलाही ते पटते. त्याने स्वतःच्या कल्पनेतून एक प्रवासी मोटारही रेखाटली होती, आणि शर्यतीनंतरच्या आयुष्याची तयारी चालविली होती.

२८ जानेवारी १९४९ रोजी ब्वेनोस आयरेस येथे, मुख्य शर्यतीआधीच्या सरावात, त्याची छोटी सिम्का-गोर्दिनी मोटार रस्ता सोडून गेली आणि तो मरण पावला. वय चाळीस. पुढच्याच वर्षी, १९५० साली, चालकांची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा सुरू झाली आणि पहिल्या वर्षी ज्या आल्फा मोटारीने ती जिंकली, ती विमिलला पुरती परिचित होती. अजिंक्यवीरांच्या यादीत म्हणूनच त्याचे नाव नाही. इतिहासाची यादी कोणत्या वर्षापासून सुरू होते यावर कधीकधी माणसाची कीर्ती अवलंबून असते.

जे. आर. डी. १९३८ साली, चौतिसाव्या वर्षी, टाटा समूहाचे अध्यक्ष झाले. १९४६ साली विमानसेवेचे नाव एअर इंडिया झाले, ८ जून १९४८ रोजी मुंबई-लंडन सेवा सुरू झाली, १९५३ साली सरकारने ती ताब्यात घेतली, आणि तरीही १९७८ पर्यंत जे. आर. डी. तिचे अध्यक्ष राहिले. जानेवारी २०२२ मध्ये ती पुन्हा टाटांकडे आली. या साऱ्याचा इतिहास इतरत्र विस्ताराने मिळतो, म्हणून मी येथे त्यात शिरत नाही. एवढेच सांगतो की विमानातून प्रवास करताना ते स्वच्छता, चहा-कॉफीचा रंग, आसनांची दुरुस्ती अशा बारीकसारीक बाबींची टिपणे करीत आणि संबंधितांकडे धाडीत. पिटमधील कारागिराचीच ती नजर होती.

पहिल्या टपाल उड्डाणाला तीस वर्षे झाली तेव्हा, १९६२ साली, त्यांनी जुन्या घडणीच्या लेपर्ड मॉथ विमानातून कराची ते मुंबई हा प्रवास पुन्हा केला. पन्नास वर्षे झाली तेव्हा, १५ ऑक्टोबर १९८२ रोजी, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, पुन्हा एकदा केला. तसेच विमान, तोच मार्ग, एकट्याने. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हा येथे त्यांचे निधन झाले आणि पॅरिसच्या पेर लाशेझ दफनभूमीत त्यांना विसावा मिळाला.